पाठीची माती

"...मग डाव कुठला कमी पडला, ते तरी सांगा वस्ताद!"

बिरदेवनं हिंदुराव वस्तादांना विचारलं. कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून ते लाल मातीतली ढेकळं बोटांनी फोडत होते.

भर दुपार. सकाळची मेहनत, अंघोळ, जेवण उरकून अख्खी तालीम चटयांवर आडवी झालेली. कुणी घोरतंय, कुणी आ वासून पडलाय. जागे हे दोघेच.

"डाव समदे येत्यात तुला," वस्ताद शेवटी म्हणाले. "सकाळी त्या नव्या गड्यानं पाय काढून तुला पालथं पाडलं. त्येचा हात दिसला न्हाई व्हय रं?"

"दिसला की."

"मग?"

"दिसला... पन माझं अंग हलंस्तवर त्यो पायात शिरला हुता."

"झोपतोस कवा?"

बिरदेवनंही एक ढेकूळ उचलून फोडलं.

तालमीत सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. महिन्याभरापूर्वी एका जत्रेत, भरल्या मैदानात, सर्जेराव नावाच्या वाळव्याकडच्या पैलवानानं बिरदेवला चितपट केलं होतं. बाप मुद्दाम कुस्ती बघायला आलेला. तो एक शब्द न बोलता एसटीत बसला आणि गावी निघून गेला.

हरलेल्याच्या पाठीला माती असते, आणि स्वतःची पाठ स्वतःला नीट झटकता येत नाही. जवळचं कुणीतरी ती झटकतं. बिरदेवची कुणी झटकली नाही. तो तसाच, माती घेऊन, एकटा तालमीत परतला.

त्याच दिवशी त्यानं शपथ घेतली: सर्जेरावाला पाडल्याशिवाय जमिनीला पाठ टेकायची नाही. म्हणजे आडवं व्हायचंच नाही. झोपेत कूस बदलली आणि पाठ टेकली तर? भिंतीला खांदा लावून बसायचं. डुलकी लागली की मान पडायची, मान पडली की जाग यायची. पैलवानाची अक्कल गुडघ्यात म्हणतात, ते काय उगाच?

आणि खोटं कशाला बोला, त्याला याचा गर्वही होता. सगळे लोळतात, मी जागतो! पण घोरणाऱ्या सोबत्यांच्या गर्दीत एकट्यानं जागं बसलं की त्याला पोटातून रडू यायचं. तेही तो कुणाला सांगत नव्हता.

"सांजच्याला पुढच्या जत्रंची मानसं कुस्त्या ठरवाया येनार," तो म्हणाला. "सर्जेरावाशी माझी जोड लावा, वस्ताद. न्हाईतर माज्या बाला तोंड कसं दावू?"

"न्हाई लावत."

"का?" बिरदेवचं डोकं फिरलं. "माझ्याएवडी मेहनत हितं करतंय कोन? एकाचं नाव घ्या! ह्ये समदे पसरल्यात, आनि मी..."

"आनि तू?"

"मी पाठ टेकली न्हाई. एकदाबी."

वस्तादांनी हातातली माती खाली सोडली. उठले. अंगातली पैरण काढली, घडी घालून काठावर ठेवली आणि हौद्यात उतरले.

चला, दोन हात करायला बोलावतायत! बिरदेवनं पटकन शर्ट काढला, चिमूटभर माती कपाळाला लावली आणि पुढं झाला.

वस्ताद मातीवर उताणे झाले.

ही ती पाठ! उभ्या आयुष्यात एकाही पैलवानाला जिला माती लावता आली नव्हती. तिच्याकडं बघून तर तो या तालमीत आला होता.

"वस्ताद, उठा! कुनीतरी बगंल..."

"बगू दे."

"लोक काय म्हनतील?"

"मी तर रोज पडतो," वस्ताद डोळे मिटून म्हणाले. "माजी कारभारीन, तुजी काकी, गेल्यापास्नं बगायला कुनी नसतं, एवडंच."

बाहेर रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मग पुन्हा नुसतं घोरणं...

बिरदेव किती तरी वेळ उभा राहिला. मग तो बसला. एक हात टेकला, दुसरा टेकला. हळूच, कुणी पाडत असल्यासारखा, मागं गेला.

माती गार होती. तिला आत कालवलेल्या ताकाचा, हळदीचा वास होता. पाठ तिला लागली आणि इतके दिवस दात आवळून धरलेलं सगळं सुटलं. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं. त्यानं ते पुसलं नाही.

"वस्ताद..." त्याची जीभ जड झाली होती. "ती मानसं आली... आनि मी असा पडलेला..."

"झोप. उठलास की पाठ मी झटकतो."