कानात कापूस

एकदा एक मास्तर होते आणि त्यांना एक शिष्य होता. शिष्य म्हणजे सख्खा नातूच, त्यामुळे आज्ञाधारकपणा जरा बेताचा.

मास्तरांचं नाव शिद्राम. तासगावातल्या त्यांच्या ब्रास बँडमध्ये ते स्वतः क्लॅरिनेटवर, मुलगा ट्रम्पेटवर, भाऊ मोठ्या ढोलावर. अशा घरात मुलगा जन्मला की नाव निनाद ठेवतात. निनादने घरातली सगळी वाद्यं शिकून घेतली आणि मग हातात गिटार घेतली. वाजवायचं काय, तर अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतलं संगीत. त्यात एक घोडा असतो, एक जुना ट्रक असतो आणि बायको सोडून गेलेली असते. निनादकडे यातलं काहीच नव्हतं, पण बोटं सुरेख चालायची.

कोल्हापुरातल्या एका ग्रुपने त्याला एक संधी दिली होती. रविवारच्या कार्यक्रमात जमलं तर कायमचा ग्रुपमध्ये, नाही तर परत वराती आणि सोनेरी बटणांचा लाल कोट. त्या कोटाची त्याला भयंकर लाज वाटायची.

शनिवारी दुपारी त्याने बँडच्या गाळ्यात सराव ठेवला. आम्ही आठ शेजारी खुर्च्या टाकून बसलो. तो पहिली तार छेडणार, तोच मास्तरांनी ढोलवाल्यांच्या डब्यातला कापूस काढला आणि स्वतःच्या दोन्ही कानांत गच्च कोंबला. मग निनादकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून, मान खाली घालून बसले.

निनादने डोळे मिटून वाजवलं. एक सूर इकडचा तिकडे नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी तर दोनदा "वा, वा!" म्हटलं. कळलं काहीच नव्हतं, पण शास्त्रीय संगीतालाही मी असंच म्हणते.

"आबा, ऐकायचंच नव्हतं तर गाळ्याची किल्ली कशाला दिलीत?" निनादचा आवाज चिरकला.

मास्तरांनी एका कानातला बोळा काढला. "ऐकायला ही मंडळी होती की. ती 'वा'च म्हणणार. ह्या वंदनाताई तर माझ्या खोकल्यालासुद्धा वा म्हणतात."

वंदनाताई म्हणजे मी. खोटं काय सांगू, म्हटलं असेन.

"मग तुम्ही काय करत होता?"

"पाय बघत होतो. चाळीस वर्षं वरातीपुढे उलटा चाललो बाळा, लोकांकडे तोंड करून. वाजवताना नजर सगळ्यात मागच्या म्हातारीच्या पायांवर. तिचं पाऊल उचललं की चाल बरोबर. नाही उचललं तर चूक माझी, तिच्या गुडघ्यांची नव्हे. आत्ता इथे सोळा पाय होते, एक हलला नाही. तू नेहमीसारखा डोळे मिटून एकटाच घोड्यावर बसून गेलास, वरात राहिली मागे."

"पण आबा, हे तिकडचं संगीत आहे."

"मग? तिकडच्या खेड्यातल्या माणसांना पाय नसतात?"

निनादला हसू फुटलं. मास्तरांनी बोळा परत कानात घातला. या खेपेला त्याने डोळे उघडे ठेवले आणि आमच्या चपलांकडे बघत ठेका जरा सैल सोडला. दोन ठिकाणी चुकलाही. थोड्या वेळाने गिरणीवाल्या आनंदीकाकूंचा अंगठा हलला. त्या हिशोबाशिवाय कशाला मान हलवत नाहीत. मग त्यांची टाच. मग माझे दोन्ही पाय, मला न विचारता.

मास्तरांनी दोन्ही बोळे काढून खिशात टाकले आणि खुर्ची निनादकडे फिरवली.

"हं," ते म्हणाले, "आता ऐकतो."

रविवारी कोल्हापुरात ग्रुपने निनादला ठेवून घेतलं. कार्यक्रमाआधी तो दिवेवाल्याला एवढंच म्हणाला होता, "दादा, थोडा उजेड खाली लोकांच्या पायांवर पण टाका." आणि अंगात लाल कोट होता, आबांकडून आपणहून मागून नेलेला.

तेव्हापासून मीही घरात काही सांगायला लागले की समोरच्यांच्या "हो, हो"कडे लक्ष देत नाही, त्यांचे पाय बघते. बहुतेकदा ते दाराकडे निघालेले असतात.