चौथा पाय

एकदा एक तरुण स्त्री भर दुपारी विणकाम शिकवणाऱ्या एका वृद्धेच्या ओसरीवर आली आणि चपला काढायच्या आधीच तिने लोकरीचा एक पाय पुढे धरला. पाय खेळण्यातल्या कुत्र्याचा होता, तपकिरी, करंगळीएवढा. "अक्का, हा असा का होतो तेवढं सांगा," ती म्हणाली. विणत बसलेल्या बायांनी माना वर केल्या. अक्का म्हणाल्या, "आधी पाणी पी."

तिचे नाव वसुधा. लग्नाला वर्ष झाले होते, आणि घरात नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी होती, इरा. इराच्या आईने लेकीसाठी छापील नमुना बघून क्रोशाचा कुत्रा विणायला घेतला होता. डोके, धड, कान, शेपूट आणि तीन पाय झाले, आणि मग आजारपणात तिच्या हातून सुई सुटली ती सुटलीच. तो तीन पायांचा कुत्रा इराने जपून ठेवला होता. रोज संध्याकाळी ती त्याला जमिनीवर उभा करी, तो कलंडे, ती पुन्हा उभा करी. रडत नसे, चिडत नसे, आणि दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नसे. वसुधाला ते बघवत नसे. या पोरीने आपल्याला आपले म्हणावे, एवढीच तिची आस होती, आणि त्या आशेपायी तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते.

इरा शाळेत गेली की ती गुपचूप कुत्रा बाहेर काढी आणि चौथा पाय विणायला बसे. वाढदिवसाला कुत्रा चार पायांवर उभा राहिला पाहिजे, आणि कोणता पाय कुणाच्या हातचा हे कुणालाही ओळखता येता कामा नये, असा तिचा हट्ट. नमुना तोच, लोकर तीच, सुई तीच, फेऱ्याही मोजून तेवढ्याच. तरी पाय व्हायचा आखूड आणि टणक. पहिले तिन्ही कसे मळलेल्या कणकेसारखे मऊ! ती उसवायची, पुन्हा विणायची, पुन्हा उसवायची. लोकर पिंजून निघाली, पाय काही जमेना.

अक्कांनी पाय दोन बोटांत दाबून पाहिला. "घट्ट झालाय," त्या म्हणाल्या.

"नमुन्यात आहेत तेवढेच टाके घातलेत. सुईच बोथट झाली असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं," कोपऱ्यातून कुणीतरी पुटपुटले. वसुधाचे कान लाल झाले. तिने पाय उसवण्यासाठी धाग्याचे टोक धरले, तर अक्कांनी तो चटकन काढून घेतला आणि आपल्या कापडी पिशवीत टाकला.

"उसवायचं नाही. दुसरा कर."

"अहो, लोकर संपली!"

"माझ्याकडची घे."

दुसरा पाय आणला, तोही पिशवीत गेला. तिसऱ्याचीही तीच गत. अक्का चांगला म्हणत नव्हत्या, वाईट म्हणत नव्हत्या, कुठे चुकले तेही सांगत नव्हत्या. "कुत्रा विणतेस की गोम?" बायांनी थट्टा केली. वसुधा ओठ आवळून हसली आणि घरी जाऊन रडली. म्हातारीला काही येत नाही, नुसते नाव मोठे, असेही तिला वाटून गेले. तरी दुसऱ्या दिवशी ती ओसरीवर हजर. जाते कुठे बिचारी?

वाढदिवस उद्यावर आला. त्या दिवशी तिने कुत्राच सोबत आणला, आणि कात्री. "अक्का, ठरवलंय मी. इराच्या आईनं केलेले तिन्ही पाय काढते आणि चारही मीच करते. म्हणजे सगळे एकसारखे होतील." आणि तिने कात्रीचे टोक पहिल्या पायाच्या शिवणीला लावलेसुद्धा.

अक्कांनी तिचा हात धरला नाही. त्यांनी पिशवी उलटी केली आणि आतले पाय, ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, चटईवर ओळीने मांडले. "कात्री चालवायच्या आधी हे दाबून बघ."

वसुधाने नाइलाजाने पहिला दाबला. खडा नुसता. दुसरा तसाच. पुढचा जरा सैल, आणि अगदी शेवटचा बोटाखाली चक्क दबला. ती चमकली.

"हा शेवटचा कधी केलास?"

"परवा. इराला कणकण होती. ती माझ्या मांडीवर पाय टाकून पडली होती. काय विणतेय ते मी सांगितलं नाही, पण फेऱ्या तिनंच मोजल्या." मग ती हळूच म्हणाली, "पण तिच्या आईसारखा तोही नाही झाला."

"होणारच नाही," अक्का म्हणाल्या. "टाके किती घालायचे ते कागद सांगतो. धागा किती ओढायचा ते कुठलाही कागद सांगत नाही. तो ज्याचा त्याचा हात. भीत भीत विणलंस तेव्हा धागा आवळला गेला, पोर जवळ होती तेव्हा सैल पडला. उसवत राहिली असतीस तर हे तुला कधी दिसलं नसतं. राहिलेलं पुरं करणं वेगळं, पोरी, आणि गेलेल्या बाईचा हात पुसून तिथं आपला बसवणं वेगळं. आणि मला एक सांग, ज्याचा कुत्रा त्याला विचारलंस का?"

वसुधाने कात्री मिटली. विचारले नव्हते. एवढ्या दिवसांत हे एकच तिला सुचले नव्हते.

संध्याकाळी तिने कुत्रा आणि ते सगळे पाय इरापुढे ठेवले. "मी तुला न विचारता याला हात लावला," ती म्हणाली. "चुकलंच माझं. तुला नको असेल तर राहू दे असाच." इराने आधी झडप घालून कुत्रा पोटाशी धरला. वसुधाला वाटले, संपले सगळे.

मग एक छोटा हात पुढे आला. इराने एकेक पाय दाबून पाहिला, कुत्र्याखाली धरून पाहिला, बाजूला ठेवला. शेवटचा मऊ पायही बाजूला ठेवला. तिने उचलला तो पहिलाच, खड्यासारखा.

"अगं, तो नको. आखूड झालाय तो. घट्ट आहे."

"घट्टच पाहिजे," इरा म्हणाली. "आईचे पाय मऊ आहेत ना, ते वाकतात. हा नाही वाकत."

ती उठली, सुईदोरा घेऊन आली. दोऱ्याचे टोक ओठांत ओलावून तिने स्वतः सुईत ओवले आणि सुई वसुधाच्या हातात दिली. वसुधा शिवत असताना कुत्र्याला तिने दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. गाठ मारून झाली. इराने कुत्रा जमिनीवर ठेवला आणि हात काढला. तो त्या आखूड पायाकडे जरासा झुकला, आणि उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून अक्का मोकळेपणी हसल्या. "मला वाटलं होतं, शेवटचा उचलेल," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या पायांसाठी दुसरा कुत्रा सुरू करायला त्यांनी लोकरीचा नवा गुंडा वसुधापुढे सरकवला. कुणाच्या अर्ध्या राहिलेल्या संसारात पाऊल टाकणाऱ्याने आपला हात लपवू नये. कलंडणारे उभे राहायला कधीकधी तोच लागतो.