मानाची पाने आणि सायाळ

एका डोंगराच्या पायथ्याला दाट जंगल पसरले होते, आणि त्यात एक सायाळ आपल्या एकुलत्या एका पिल्लाला घेऊन राहत असे. त्या जंगलातल्या प्राण्यांनी मिळून एक पोथी तयार केली होती. बीळ ढासळू नये म्हणून काय करावे, वणवा लागला तर कुठल्या अंगाने पळावे, आटलेल्या ओढ्यात पाणी कुठे उकरावे, असे ज्याला जे येत होते ते त्याने ताडाच्या पानावर कोरून दिले होते. काम खरोखर चांगले होते. पण पाने दोरीत ओवायची वेळ आली आणि वडीलधारे पुढे सरसावले. कुणाचे पान आधी, यावरून ते कित्येक दिवस भांडले. शेवटी ठरले ते असे : आधी हत्तीची पाने, मग गव्याची, मग सांबराची, आणि सगळ्यांत शेवटी 'इतर'. सूचीही तशीच केली. तिच्यात कुठल्या अडचणीचे नाव नव्हतेच, नुसती लिहिणाऱ्यांची नावे, मानाच्या क्रमाने. पोथी सांभाळायला एका म्हाताऱ्या वानराला बसवले. आणि मुलांनो, एवढे करून त्या मंडळींनी एकमेकांच्या गळ्यात रानफुलांच्या माळाही घातल्या. पोथी घाईने उघडायची पाळी अजून कुणावर आली नव्हती, म्हणून हे सगळे खपून गेले.

एके दुपारी शेताच्या कडेला सायाळीच्या पिल्लाचा मागचा पाय तारेच्या फासात अडकला. फास लावणारा माणूस दिवस कलला की फेरी मारायला येई, हे सगळ्या जंगलाला माहीत होते. सायाळीने तार चावून पाहिली, ती तुटेना. पिल्लू जीव खाऊन ओढत होते आणि तार आणखीच रुतत होती. "रडू नकोस, मी आलेच," म्हणून ती धावत सुटली ती थेट ओढ्याकाठी, जिथे वानर पोथी मांडीवर घेऊन बसला होता.

"आजोबा, फासातून पाय कसा सोडवायचा त्याचं पान द्या. लवकर."

वानराने सूची डोळ्यांजवळ धरली. "कुणी लिहिलंय ते?"

"मला काय ठाऊक?"

"मग कसं सापडणार, बाई? लिहिणाऱ्याचं नाव सांग, हां हां म्हणता काढून देतो."

"पिल्लू माझं अडकलंय. लिहिलेलं कुणाचं का असेना."

"तसं नाही चालत. मग पहिल्यापासून वाचत जावं लागेल." आणि वानराने खरोखरच पहिल्यापासून वाचायला घेतले. पहिले पान हत्तीच्या बालपणाविषयी होते. हत्ती शेजारीच उभा होता. त्याने सुखाने डोळे मिटले आणि म्हणाला, "जरा सावकाश वाच. पुढचा भाग चांगला आहे."

सायाळीने एकदा कलत्या उन्हाकडे पाहिले. या दोघांना ऊन दिसत नव्हते असे नाही. त्यांचे पिल्लू अडकले नव्हते, एवढेच. ती पुढे झाली आणि तिने पोथीची दोरी दातांनी तोडली. पाने भराभर जमिनीवर घसरली.

"अगं, कळतंय का काय केलंस?" ओढ्यावर आलेला गवा ओरडला. "आमच्या पानांवर पाय देतेस?"

"तुमच्या पानांत फास आहे का?"

"फास नाही, पण आमचं घराणं..."

"मग बाजूला व्हा." तिने पाणी प्यायला आलेल्यांना हाका मारल्या. "एकेक पान उचला, वाचा. आगीचं असेल तर त्या दगडापाशी टाका, पाण्याचं ओढ्याकडे, अडकल्याचं माझ्यापुढे. कुणी लिहिलंय ते वाचत बसू नका."

ससे आले, खारी आल्या, मुंगूस आले. बघता बघता ढीग पडले. सायाळीपुढच्या ढिगात दोन पाने फासाची निघाली. एक कोल्ह्याचे होते, दुसरे घुशीचे, आणि आजवर दोन्ही 'इतर'च्या दोन टोकांना होती. कोल्ह्याने लिहिले होते : आधी अडकलेल्याचे डोळे पाल्याने झाकून त्याची धडपड थांबवावी. घुशीने लिहिले होते : पाय ओढू नये, उलट तार बांधलेल्या खुंटाकडे ढकलावा, म्हणजे तार सैल पडते, मग फास मागे सरकवावा. नुसत्या एका पानाने भागले नसते. सायाळ धावली. तिने पाला टाकला, पिल्लू शांत होईपर्यंत थांबली, पाय ढकलला, फास सरकवला. बांधावरून माणसाच्या वहाणांचा आवाज यायला आणि दोघे करवंदीच्या जाळीत शिरायला एकच गाठ पडली.

दुसऱ्या दिवशी वडीलधारे पुन्हा जमले. पिल्लू कसे आहे, हे एकानेही विचारले नाही. पाने पुन्हा मानाने ओवावीत, असा त्यांचा हुकूम होता. सायाळ ढिगांच्या मधोमध काटे फुलवून बसली होती, त्यामुळे हुकूम हुकूमच राहिला. तिने आणि सशांनी अडचणीप्रमाणे जुड्या बांधल्या, नव्या सूचीत 'पाय अडकला', 'आग लागली', 'पाणी आटले' असे कोरले, आणि प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचे नावही ठेवले.

तरी पानांची एक चवड उरली. कुठल्याच जुडीत ती बसेना. वानराने ती उलटीपालटी केली. सगळी हत्तीची होती.

"ही कुठं ठेवू?" त्याने हळूच विचारले.

"शेवटी ठेवा," सायाळ म्हणाली. "कुणाचं काही अडलं नसेल, तेव्हा वाचेल कुणीतरी."

तात्पर्य : सूची ही लिहिणाऱ्याच्या मानासाठी नसते, अडलेल्याच्या घाईसाठी असते, हे ज्याला कळत नाही, तो वयाने कितीही मोठा असो, पाने ओवायचे काम त्याच्याकडे देऊ नये.