वाढपी भिंत

शेवरजुव्याच्या बेटावर होडीतून उतरून चार पावलं चाललात की खारजाईच्या देवळापुढे जांभ्याची एक भिंत दिसते. एकटीच उभी. ना तिच्यावर छप्पर, ना बाजूला दुसरी भिंत. माणसाहून उंच, आणि बरोबर मध्ये कमरेच्या उंचीवर एक भोक. परगावचा पाहुणा आला की वाकून त्या भोकाला डोळा लावतोच. लावू द्यावा. पलीकडे एखादा टवाळ म्हातारा हातात गवताची काडी घेऊन बसलेला असला तर ते पाहुण्याचं नशीब.

ही आमची वाढपी भिंत. माघातल्या गावजेवणाला वाढणारी बाई हिच्या मागे बसते, जेवणारे पुढे रांग धरतात, आणि पेजेने भरलेली डवली या भोकातून बाहेर येते. डवली म्हणजे नारळाच्या करवंटीला बांबूचा दांडा बसवलेला पळा. शहरातले पाहुणे तिला हसतात. हसोत बापडे! त्यांच्याकडे साखरेला चमचा वेगळा, औषधाला वेगळा, आइस्क्रीमला वेगळा, आणि काचेच्या कपाटातले चकचकीत चमचे तर घरच्यांनी जन्मात तोंडाला लावलेले नसतात. पण भटजीची पळी घ्या, हलवायाचा झारा घ्या, नाहीतर पंगतीतलं तुपाचं ओगराळं घ्या. पानात काय पडणार हे पान ठरवत नाही, दांडा धरणारा हात ठरवतो. वाढपी ओळखीचा असला की जिलबी दोनदा फिरते, हे काय कोणाला शिकवायला हवं? त्या हातासाठीच ही भिंत उभी राहिली, असं सांगतात.

गोष्ट फार जुनी. पेशवाई होती की इंग्रज आला होता, यावर देवळाच्या पायरीवर अजून भांडणं होतात. आषाढातल्या उधाणाने खारबंधारा फुटला आणि खाडी गावात शिरली. कणग्यांतलं भात खाऱ्या पाण्यात नासलं, बेटावरच्या होड्या वाहून गेल्या. समुद्र असा खवळलेला की नारळी पुनवेच्या आधी पलीकडून कोणी येईल ही आशाच नको. पोटमाळ्यांवर ज्याचं जे कोरडं राहिलं ते गावाने देवळात गोळा केलं. एक तपेलं, एक पेज, एक डवली. घरी वेगळी चूल पेटवायची नाही आणि सगळ्यांना सारखंच वाढायचं, असा देवीपुढे ठराव झाला. आणि ठराव मोडला तर ज्याने त्याने आपला तांदूळ उचलावा आणि आपलं मरण आपल्या घरी मरावं, हेही ठरलं.

आता डवली कोणाच्या हाती द्यायची? पेज कितीही ढवळा, शीत तळाला जायची घाई करतं. मनगट वाकलं की शीतं, नाही वाकलं की पाणी. गावचा मानकरी भिकाजी गावकर मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "माझ्याकडे द्या, मी वाढतो." सगळे जमिनीकडे बघू लागले. निम्मं गाव त्याचे भाऊबंद, मग उरलेल्या निम्म्यांनी काय पाणी प्यायचं?

तेव्हा ठकीकाकू बोलली. कोयत्याला धार लावायची तर गाव तिच्या जिभेवर लावी. "येसवदेला बसवा गो! जी बाय पोटुशा सुनेला वरचं पाणी वाढते, ती दुसऱ्या कोणाला शीतं कशाला देईल?"

उपाशीपोटीही गाव हसलं. येसवदा हसली नाही, पण तिला नाही म्हणवेना. गोष्ट खरीच होती. मुलगा गलबतावर खलाशी, घरात ती आणि सून मंजुळी, आणि दोघींमध्ये मीठ मागण्यापुरतं बोलणं. सुनेला तिने ना कधी गोड शब्द दिला ना घट्ट आमटी. त्या लौकिकावर तिला डवली मिळाली. सासुरवासाचा गावाला उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण असेल तर पाहुण्यांनी कळवावं.

येसवदा वाढू लागली, आणि गाव तिच्या मनगटाकडे बघू लागलं. एवढे डोळे एका मनगटावर की तिला तिथे खाज सुटे. तिने डवली सगळ्यांना सारखीच बुडवली, मंजुळीलाही. पण दिवस सरत गेले तशी पेज पातळ होत गेली. मंजुळी वाडगा पुढे करी तेव्हा तिच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरत. अंगावरचं सगळं उतरलं होतं, फक्त पोट वाढत होतं. येसवदा नजर तपेल्यात ठेवी. पण बांगड्यांचा आवाज येई तो येईच, आणि तो आला की तिचा हात खाली जायला बघे. ती दात आवळून धरी.

एका दुपारी दात आवळायचे राहिले. डवली तळाला गेली, वर आली, आणि मंजुळीच्या वाडग्यात पडलं ते थप्पकन वाजलं.

रांगेतलं बोलणं थांबलं. पातळ पेजेचा आवाज कसा येतो हे एव्हाना पोराबाळांनाही पाठ झालं होतं.

"ऐकलंत?" भिकाजी पुढे आला. "ही पेज नव्हे, हा भाताचा गोळा! ठराव मोडला. पोती उघडा आणि वाटून घ्या."

चार बाप्ये खरंच पोत्यांकडे वळले. येसवदेच्या पोटमाळ्यावर मूठभरही कोरडं राहिलं नव्हतं. तांदूळ आपापल्या घरी गेले तर ज्यांच्या घरी तांदूळच नाहीत त्यांची पहिली पाळी, आणि त्यांत मंजुळी पहिली. जिच्यासाठी हात वाकला तिलाच तो हात मारणार होता.

ती उठली. "हात माझाच होता," ती म्हणाली. "वाकला. कालही वाकत होता, मी आवरला. उद्या आवरेन असं देवीपुढे खोटं सांगत नाही. पण पोत्याला हात लावण्याआधी डवली घ्यायला एकाने पुढे या. मात्र ज्याचं या रांगेत कोणी नाही, त्यानेच यायचं."

कोणी हललं नाही. शेवटी भिकाजीने हात पुढे केला. तोच रांगेतून त्याची बोळकी म्हातारी आई आनंदाने ओरडली, "घे रे भिक्या, घे डवली! आणि मला जरा तळातलं घाल हो!"

भिकाजीचा हात हवेतच राहिला. ठकीकाकूने तोंडाला पदर लावला. पोत्यांकडे गेलेले बाप्ये पोत्यांवरच बसले.

"मग माझ्यापुढे भिंत घाला," येसवदा म्हणाली. "मला कोणाचं तोंड दिसता नये. होडी येईपर्यंत मी देवळातून बाहेर पडणार नाही, हा माझा खारजाईला नवस."

शेताच्या कुंपणांचे दगड सोडवून गावाने देवळाच्या दारापुढेच भिंत उभी केली. अंगात ताकद नव्हती, एकेक चिरा दोघातिघांनी उचलला. मध्ये डवली जाईल एवढं भोक ठेवलं. तांदूळ आणि लाकडं देवळाच्या मागच्या दाराशी ठेवून माणसं तोंड न दाखवता परतत. भोकापाशी कोणी बोलायचं नाही, खोकायचं नाही, असा नवा ठराव झाला. ठकीकाकूच्या नवऱ्याच्या मते त्याच्या संसारातला तो सर्वांत सुखाचा काळ.

भिंतीमागे येसवदा कान लावून बसली. तोंड दिसलं नाही तरी बांगड्या ऐकू येतील, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सुनेला आता गावच्या पेजेतलं जास्त द्यायचं नव्हतं, आपल्या वाटणीची डवली तेवढी तिच्या वाडग्यात ओतायची होती. भोकात उजेड येई, वाडगा आला की अंधार होई, पुन्हा उजेड. वाडगे येत राहिले. बांगड्या वाजल्या नाहीत.

बाहेर मंजुळीने पदराची चिंधी फाडून बांगड्या गच्च गुंडाळल्या होत्या. सवाष्ण बाई, उतरवणार कशी? ठकीकाकूने तिला रांगेबाहेर ओढून कानात सांगितलं, "अगो, वाजू दे की! पोटातल्यासाठी तरी!"

"आत्याबायचा हात पुन्हा वाकला तर उद्या तपेलं चढणार नाही," मंजुळी म्हणाली, आणि रांगेत परत गेली.

आत येसवदेला घाम फुटला. रांग संपत आली तरी आवाज नाही. पडली की काय घरी? की यातलाच एखादा वाडगा तिचा होता? विचारायची सोय नाही, आणि नवसामुळे उठायचीही नाही. दुसऱ्या दिवशी तिने पहिला वाडगा यायच्या आधीच आपल्या वाटणीची डवली तपेल्यात परत ओतली आणि तळापासून ढवळलं. सगळ्यांच्या वाडग्यांत गेली तर त्यांतल्या एकातून तिच्याकडे जाईलच. मग रोज तेच. स्वतः ती तपेलं विसळलेल्या पाण्यावर राहिली.

गावाची चूक झाली ती इथे. भिंतीमुळे येसवदेला गाव दिसेना, हे सगळ्यांच्या ध्यानात होतं. गावालाही येसवदा दिसत नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. डवली वेळेवर बाहेर येत होती, म्हणजे सगळं ठीक!

नारळी पुनवेला दुपारची पेज चालू असताना खाडीतून शंख वाजला. होडी! रांग मोडून सगळे किनाऱ्याकडे धावले. भोकापाशी मंजुळी एकटी राहिली, तिच्याने धाववत नव्हतं. तिने वाडगा धरला. भरलेली डवली बाहेर आली आणि तशीच थांबली. कलली नाही, की मागे गेली नाही.

मंजुळीने ठराव मोडला. "आत्याबाय," ती म्हणाली, "होडी आली."

डवली तरीही हलली नाही. भिंतीला धरत धरत ती मागे गेली. येसवदा भिंतीला खांदा लावून बसलेली, डवलीचा दांडा काखेत घट्ट, डोळे मिटलेले. शेजारी तिचा वाडगा होता. त्यात कोळ्याने जाळं विणलं होतं. मंजुळीने दांडा सोडवला. म्हणे डवलीतला एक थेंबही सांडला नव्हता. ती डवली तिने सासूच्या ओठांना लावली. पेज हनुवटीवरून ओघळून गेली.

मंजुळी वाचली, तिला मुलगी झाली. पुढच्या माघात गावजेवण घातलं तेव्हा पहिला वाडगा कोणी पुढे करेना. तेव्हा मंजुळी उठली, आणि तिने जे केलं तेच अजून चालतं.

आजही पेज शिजली की पहिली डवली भोकातून बाहेर येत नाही, ती बाहेरून आत जाते. गावची सर्वांत नवी सून मागे जाऊन ती भरून आणते आणि बांगड्या मुद्दाम खळखळून वाजवत भोकातून आत धरते. आत बसलेल्या बाईने ती पिऊन मोठ्याने म्हणायचं, "पोचलं!" ते ऐकू येईपर्यंत रांगेत मानकरी असो नाहीतर मुंबईचा साहेब, वाडगा घेऊन गप्प उभा राहतो.