लहानू पिलेगचे रोगी शोधतो

एका शहराच्या कासारपेठेत एक भोळा हमाल राहत होता, लहानू त्याचं नाव. त्या साली शहरात पिलेग शिरला. लोक रोगी माळ्यावर लपवत, त्यामुळे पेठेचे डॉक्टर मायदेव जेरीस आले. त्यांनी लहानूला हातगाडी दिली आणि सांगितलं, घरोघर विचार, ताप आहे का. असेल त्याला गाडीत घालून दवाखान्यात आण. चुकलास तर अख्खी पेठ मरेल.

लहानूला पेठेची फार काळजी वाटली. त्याने पहिलंच दार ठोठावून विचारलं, ताप आहे का.

"आहे ना," सून म्हणाली. "सासूबाईंचा. लग्न झाल्यापासून."

इतका जुना ताप! लहानूने सासूबाईंना उचललं. सुनेने नको म्हटलं नाही. दवाखाना येईपर्यंत सासूबाईंनी त्याला लाटण्यानं बडवलं.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. स्वतःच्याच. मग समजावलं, नुसतं विचारू नये, हात लावून पाहावं. चटका बसला की ताप.

लहानू हलवायाकडे गेला. हलवायाला हात लावला, गार. कढईला लावला, फोड आला. त्याने कढई घोंगडीत गुंडाळून जिलब्यांसकट आणली.

डॉक्टर म्हणाले, ताप विसर. या रोगात गाठ येते. गाठ दिसली की आण. रोगी नाही नाही म्हणतात, ऐकायचं नाही.

पुढच्याच आळीत लग्न लागलं होतं. नवरानवरीच्या शेल्याला चांगली ठसठशीत गाठ. दोघं नाही नाही म्हणाले, तेव्हा तर लहानूची खात्रीच पटली. गाडीत नवरानवरी, मागून वऱ्हाड, वऱ्हाडामागून ताशेवाले. ते वाजवतच होते, कारण थांबा असं कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

"अरे, गाठ अशी वर दिसत नसते. कपड्यांच्या आत असते. आणि गाठीचा रोगी यापुढं इथं आणू नकोस, गावाबाहेर माळावरच्या झोपडीत ने आणि त्याचे कपडे जाळ." आणि जाता जाता म्हणाले, "उद्या सकाळी लवकर ये. मोठ्या साहेबांची गाठ आहे."

लहानूने रात्रीच गाडीत घोंगडी अंथरून ठेवली. एवढा मोठा माणूस, आणि गाठ.

सकाळी साहेब पेठेच्या तोंडाशी टांग्यातून उतरले, तसं त्याने त्यांना अलगद गाडीत घातलं आणि माळावरच्या रोग्यांच्या झोपडीत नेलं. साहेब नाही नाही म्हणाले, इंग्रजीत आणि मोडक्या मराठीतही. लहानूने ऐकलं नाही.

इकडे डॉक्टर हार घेऊन दवाखान्याच्या फाटकात उभे. ऊन चढलं. लहानू धापा टाकत आला.

"साहेबांना कुठं पाहिलंस का?"

"पाहिलं ना. सगळीकडून पाहिलं. गाठ कुठंच नाही. पण रोग्याचे कपडे जाळायचे असतात, ते जाळले." मग त्याचं लक्ष हाराकडे गेलं. "तो हार द्या इकडं. साहेबांच्या अंगावर दुसरं काही नाही."