टिंगी खेकडीचं जांभूळ

शेवट ओळखा बघू! ओळखलात तर माझी मिशी ओढा. नाय ओळखणार, लावा पैज!

एक होती खेकडी. एवढुश्शी. नाव टिंगी.
तिला घावलं जांभूळ. झाडावरचं शेवटचं. टप्पोरं!
टिंगीनं आऽ केलं, आणि... डुबुक! जांभूळ नदीच्या डोहात.

"डोहमामा, माझं जांभूळ द्या!"
"नाय देत, जा! पोटात ठेवलंय. धबधब्याला सांग, मार उडी. मग बघू."

टिंगी निघाली वर. तिरकी तिरकी, तुरुतुरु.
"धबधबेदादा, उडी मारा ना!
डोह जांभूळ देईना,
भूक माझी जाईना!"
"उडी? अगं, मी तर थेंब थेंब गळतोय. वर धोंडा आडवा बसलाय. त्याला सांग, सरक."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.
"धोंडोबा, सरका ना!
धबधबा उडी मारेना,
डोह जांभूळ देईना,
भूक माझी जाईना!"
"सरकू? आत्ता कुठं बूड टेकलंय! झऱ्याला सांग, ढकल."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.
"झरेबुवा, ढकला ना!
धोंडा काही सरकेना,
धबधबा उडी मारेना,
डोह जांभूळ देईना,
भूक माझी जाईना!"
"ढकलू? डोंगरानं मला बोटभर भोक ठेवलंय. त्याला सांग, हल."

तिरकी तिरकी, तुरुतुरु.
"डोंगरआजा, हला ना!
झरा काही ढकलेना,
धोंडा काही सरकेना,
धबधबा उडी मारेना,
डोह जांभूळ देईना,
भूक माझी जाईना!"
"हॅट्! मी नाय हलत."
"कधीच?"
"कधीच!"
"हसत पण नाय?"
"नाय म्हणजे नाय!"

अस्सं काय? टिंगी शिरली आजाच्या काखेत. गुदुगुदु, गुदुगुदु!
"अगं ए! खी खी! नको गं! हो हो होऽऽ!"

डोंगर हलला, गदागदा.
झरा सुटला, भसाभसा.
धोंडा सरकला, गडगड गडगड.
धबधब्यानं उडी मारली, धोंड्याला घेऊनच!
बदाक्! धोंडा डोहाच्या पोटात.
"हुक्!" डोहाला आली उचकी.
टुण्णकन् जांभूळ बाहेर!

टिंगी पाण्यावरून घसरत आली, सूंऽऽऽ. जांभूळ पकडलं. मट्ट केलं. नांग्या जांभळ्या, तोंड जांभळं!

आणि डोहमामा?
एक जांभूळ लपवलं, आख्खा धोंडा गिळावा लागला. अजून पोटातच आहे. ढेकर पण येत नाय!