बिनदोऱ्याची सुई

सागाच्या एका दाट रानात एक शिंपीण पक्षीण राहत असे. सागाचं मोठं पान दुमडायचं, चोचीनं कडेला भोकं पाडायची, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढायचा आणि पानाची झोळी करायची, ही तिच्या घराण्याची रीत. झोळीत तिची अंडी होती. पान हिरवं, झोळीही हिरवी, म्हणून ती कावळ्याला दिसत नव्हती. पण बाळांनो, झाडावर अळ्या पडल्या. सागाची अळी शिरा तेवढ्या ठेवते, बाकी पान खाऊन टाकते. पानाची नुसती चाळण होते. शिंपीण दिवसभर अळ्या टिपायची, तरी एक टिपावी तर चार दिसत. समोरच्या ऐनाच्या झाडावर कावळा येऊन बसला होता, काही घाई न करता. छप्पर गेलं की घर उघडं पडणार, हे त्याला कळत होतं, आणि तिलाही.

तेवढ्यात तिळाएवढं काळं काहीतरी उडत आलं. ते कोण, हेच कोणाला ठरवता येईना. मुंगी म्हणाली, कंबर बारीक आहे, आमच्याच भावकीतलं असेल. माशी म्हणाली, पंख चार आहेत, म्हणजे आमचं नव्हे. शिंपिणीला मात्र त्याच्या पोटाच्या टोकाशी बारीक सुई दिसली आणि तिला जरा आपलंसं वाटलं. तिनं विचारलं, "कुठली गं तू?"

"गांधीलमाशीच्या गोतातली," ती इवलीशी म्हणाली. "आमच्यात इतके प्रकार आहेत, की सगळ्यांना अजून नावंही मिळाली नाहीत. पान कुरतडलं की झाड वास सोडतं. तो आला, म्हणून मी आले."

एवढं बोलून ती कामाला लागली. एकेका अळीला सुई टोचायची आणि पुढे जायचं. अळ्या काही मरेनात, खातच राहिल्या. शिंपीण म्हणाली, "सुई छान आहे, बाई, पण दोरा कुठाय? असलं शिवण माझ्या आईनं उसवायला लावलं असतं." ती इवलीशी तशीच पुढच्या अळीकडे वळली. टोचत राहिली, आणि काम संपल्यावर एका पानावर मरून पडली.

शिंपिणीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली, त्या सुमारास अळ्या खायच्या थांबल्या. हलेनात. त्यांच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे रेशमी झुबके दिसू लागले. शिंपिणीला वाटलं, अळ्यांनीच अंडी घातली. पण धागा काय सुरेख! फाटकी झोळी सांधायला असाच हवा होता. पलीकडच्या फांदीवरचे झुबके तिनं उसवले आणि झोळीला ठिगळ लावलं. राहिला घराजवळचा झुबका. त्यावर चोच टेकली आणि ती थबकली. आत काहीतरी हलत होतं. पिल्लू अंड्याला आतून टोकरू लागलं, की वर बसलेल्या आईच्या पोटाला कळतं ना, अगदी तसं.

मुंगी म्हणाली, "फोड की. अळीचंच असणार. तुझं उरलेलं छप्परही खाईल."

शिंपिणीनं पिल्लांकडे पाहिलं, मग चोच मागे घेतली. "थांब," ती म्हणाली. "कोणाचं आहे, ते आधी पाहू."

एका कणीचं गोल झाकण उघडलं, जणू कोणी आतून कातरीनं कापलं असावं. बाहेर आली तिळाएवढी, चार पंखांची, सुई घेतलेली. मग दुसरी. मग किती तरी. शिंपीण चारा भरवायचं विसरून बघत राहिली. मेली ती तर एवढासा जीव, आणि एवढा गोतावळा तिनं सुईनं अंडी टोचून अळीच्या पोटात जपायला ठेवला होता! सगळ्यांनी पंख वाळवले आणि त्या कोवळ्या पानांकडे निघाल्या, जिथे नव्या अळ्या नुकत्याच वळवळू लागल्या होत्या.

पलीकडच्या फांदीवरचे झुबके शिंपिणीनंच उसवले होते, तिथे त्या उशिरा पोचल्या आणि त्या फांदीच्या पानांची पुरती चाळण झाली. शिंपिणीचं छप्पर मात्र टिकलं. ऐनावरचा कावळा कंटाळून उडून गेला.

पिल्लांनी पहिली झेप घेतली, त्या दिवशी शिंपीण झोळीच्या पांढऱ्या ठिगळाकडे बघत बसली. मग हळूच म्हणाली, "दोरा होता तिच्याकडे. ती आतून शिवत होती, आणि मी बाहेरून बघत होते."

तात्पर्य : ज्याचं नाव ठाऊक नाही आणि काम दिसत नाही, त्याच्यावर चोच चालवण्याआधी क्षणभर थांबावं, आपलं छप्पर कदाचित त्यानंच धरलेलं असतं.